सैरंध्रीचा अर्ज

विराटाच्या राजसभेत सैरंध्रीने जी दाद मागितली, ती परक्या घरी राबणाऱ्या बाईची आपल्या परंपरेतील बहुधा सर्वांत जुनी तक्रार असावी. पुढे कीचकवधाचा थरार यायचा असल्यामुळे वाचकाचे आणि शिकवणाऱ्याचेही लक्ष तिकडे लागलेले असते आणि हा प्रसंग घाईने उरकला जातो. वास्तविक तो सावकाश वाचण्याजोगा आहे. द्रौपदी सुदेष्णेकडे कामाला राहते ती दोन अटी घालून. आपल्याला कोणी उष्टे देऊ नये आणि पाय धुण्यास सांगू नये. राणी त्या मान्य करते. आजच्या भाषेत बोलायचे तर हा तोंडी करार झाला. त्यानंतर राणीचाच भाऊ तिच्या मागे लागतो, राणीच तिला सुरा आणण्याच्या निमित्ताने त्याच्या घरी धाडते, ती तेथून सुटून धावत राजसभेत येते आणि भर सभेत कीचक तिला लाथ मारतो. सैरंध्री राजाकडे न्याय मागते. राजाचे उत्तर असे की, तुम्हा दोघांचे भांडण माझ्या परोक्ष झाले. खरे काय ते ठाऊक नसताना मी निवाडा कसा करू?

लाथ सभेत बसली होती, सर्वांनी पाहिली होती. तरीही राजाच्या दृष्टीने खरे भांडण 'परोक्ष' झाले, म्हणजे डोळ्यांआड, घरात. घरात जे घडते त्याला साक्षीदार नसतो आणि साक्षीदार नसेल तर ते घडलेच नाही असे धरून चालणे सोयीचे असते. कंकाच्या वेषातील युधिष्ठिर तिला आत जायला सांगतो. तुझ्या रडण्याने द्यूताचा विरस होतो आहे, असेही सुनावतो. सैरंध्रीला आणखी एक अडचण आहे, ती फक्त तिला आणि पांडवांना ठाऊक आहे. आपण कोण हे तिने सांगितले तर अज्ञातवास मोडतो आणि बारा वर्षांचा वनवास पुन्हा वाट्याला येतो. दाद मागायची तर ओळख द्यावी लागते आणि ओळख दिली तर शिक्षा होते. शेवटी ती रात्री मुदपाकखान्यात भीमाकडे जाते आणि राजासाठी चंदन उगाळून घट्टे पडलेले आपले हात त्याला दाखवते. तिच्यापाशी पुरावा म्हणून तेवढेच होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक १९०७ सालचे. इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही ओळखले. मराठी नाट्येतिहासात या नाटकाचे स्थान त्या रूपकामुळे आहे आणि ते योग्यही आहे. मात्र आम्ही हे नाटक वर्गात शिकवतो तेव्हा एक गोष्ट दर वर्षी जाणवते. विद्यार्थी परीक्षेत कर्झनचे नाव अचूक लिहितात. सैरंध्री त्या घरात नेमके काय काम करत होती, हे विचारले तर गप्प होतात. रूपक इतके यशस्वी झाले की त्याखालची दासी दिसेनाशी झाली. परक्या घरातल्या बाईची तक्रार आपल्याला ऐकू येते ती दुसऱ्या कशाचे तरी, बहुधा राष्ट्राचे, प्रतीक म्हणून. तिच्या मजुरीची, तिच्या झोपेची, तिच्या हातावरच्या घट्ट्यांची गोष्ट म्हणून ती क्वचितच ऐकली जाते. हे आमच्या मनात नुसते साहित्यविचार म्हणून आले असते तर त्यावर एखादा शोधनिबंध लिहून आम्ही मोकळे झालो असतो. ते आले एका अर्जामुळे.

आम्ही तिघे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवड्याच्या बाजूला मराठी शिकवतो. येथून राष्ट्रीय महामार्ग ४४ पाटणबोरीवरून खाली उतरतो आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. नदीच्या अलीकडची माणसे पोटासाठी जिनिंगवर जातात, ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात. नदीच्या पलीकडच्या करीमनगर, निजामाबाद, आदिलाबाद या पट्ट्यातील माणसे गेली कित्येक दशके आखाती देशांत जात आली आहेत. सोयरिकी, बाजार आणि दवाखाने दोन्ही तीरांवर असल्याने तिकडची वाट अधूनमधून इकडच्या माणसालाही सापडते.

आमच्या भागात अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला मान आहे. याचे कारण दुःखद आहे. शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून यवतमाळचे नाव देशभर झाले, त्यालाही आता दोन दशके उलटली. आत्महत्येनंतर घरच्यांना एक लाख रुपयांची शासकीय मदत मिळायची ती प्रकरण 'पात्र' ठरले तर. सातबारा कोणाच्या नावे आहे, कर्ज बँकेचे की सावकाराचे, वसुलीचा तगादा होता की नव्हता, यांवर मरणाची पात्रता ठरत असे. त्यामुळे येथील बाईला 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द सही करायला येण्याआधी समजतात. दुःख हे कागदावर विशिष्ट पद्धतीने मांडल्याखेरीज दुःख धरले जात नाही, हे तिला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात अशीच एक आई आमच्या विभागात आली. तिची मुलगी तिशी ओलांडलेली, नवरा वारलेला, दोन लेकरे आजीपाशी ठेवून आखातातील एका देशात घरकामाला गेलेली. नदीपलीकडच्या एका दलालाने तिला पर्यटक व्हिसावर एका देशात नेले आणि तेथून शेजारच्या देशातील एका घरी पोहोचवले. आईकडे कागद एकही नव्हता. होता तो मुलीने पाठवलेल्या ध्वनिसंदेशांनी भरलेला मोबाइल. "सर, तुमाले लिवता येते. हे आयका अन् साहेबाले लिवून द्या," एवढेच तिचे म्हणणे.

आम्ही ते संदेश ऐकले. सगळे मिळून तासाभराहून अधिक भरले असते. त्यांतील बहुतेक बोलणे तक्रारीचे नव्हतेच. शेळी व्याली का, धाकट्याचा खोकला गेला का, यंदा कपाशीला बोंड कसे आहे, शाळेचा गणवेश मिळाला का. मधेच एखादे वाक्य येई आणि लगेच विषय बदले. "इथं झोपाले दोनच वाजते." मग पुन्हा शेळी. "फोन तिच्यापाशी असते, आज पाहुणे आले म्हून माह्या हाती लागला." मग पुन्हा खोकला. एकदा बराच वेळ काहीच नव्हते, नुसता भांड्यांचा आणि पाण्याचा आवाज होता, आणि शेवटी, "आई, मले बोलावून घे वो."

साहित्याच्या शिक्षकाला असे संहितेतले मौन वाचायची सवय असते. कवितेत दोन ओळींमधल्या जागेचे महत्त्व आम्ही मुलांना तास-तास सांगतो. अर्जात मात्र दोन ओळींमधली जागा कोरी असते आणि कोरी म्हणूनच वाचली जाते. तेथे विषय लागतो, संदर्भ लागतो, तारीख लागते, मालकाचे नाव, पारपत्राचा क्रमांक लागतो. मुलीच्या बोलण्यात तारखा नव्हत्या. वेळ होती ती घरच्या घडामोडींच्या हिशेबाने; पोळ्याच्या आधी, शेळी व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही त्या हिशेबावरून तारखा बसवल्या. पोळा कोणत्या दिवशी होता ते दिनदर्शिकेत पाहिले, शेळी कधी व्याली ते शेजाऱ्यांना विचारले. एका परदेशी घरातल्या अत्याचाराचा कालक्रम पैनगंगेकाठच्या एका गोठ्यावरून ठरवला गेला.

मसुदा तयार झाल्यावर आम्ही तो आईला वाचून दाखवला. 'सदर महिलेस घरमालकीण मारहाण करीत असून तिचा शारीरिक व मानसिक छळ होत आहे,' या वाक्यापाशी तिने आम्हाला थांबवले. "मारते असं नोका लिवू सर. तिनं तसं म्हटलं नाई. हात उगारते म्हटलं." आमच्यातील एकाने समजावले की, हात उगारते एवढेच लिहिले तर अर्ज कोणी हातात धरणार नाही. ती म्हणाली, "मंग तिनं नाई सांगतलं ते तुमी कसं काय सांगता?"

याचे उत्तर सोपे नाही. सरकारी भाषेला तयार शब्द हवे असतात; 'शारीरिक व मानसिक छळ' हा त्यांतलाच एक शिक्का. तो मारला की प्रकरण ओळखीचे होते, योग्य त्या टेबलावर जाते. मात्र त्याच शिक्क्याने ते दहा हजार प्रकरणांसारखे होते आणि त्या विशिष्ट बाईचा आवाज त्यातून निघून जातो. उलट तिचेच शब्द ठेवले तर त्यांतली तीव्रता कार्यालयात कोणाला जाणवेल? 'झोपाले दोनच वाजते' या तीन शब्दांत जे आहे ते 'कामाचे तास अनियमित आहेत' या वाक्यात नाही, आणि ज्याला व्हऱ्हाडी बोली येत नाही त्याला ते तीन शब्द विनोदीही वाटू शकतील. बराच खल करून आम्ही तोडगा काढला. वरच्या भागात कार्यालयाची भाषा ठेवली, तीही जेवढे सांगितले गेले तेवढ्यापुरतीच. खाली मुलीची वाक्ये जशीच्या तशी अवतरणात, प्रत्येकीसमोर तारीख आणि प्रमाण मराठीत अर्थ. मारहाणीचे वाक्य काढले आणि 'हात उगारते' हे ठेवले. अर्जाला जोडलेल्या इंग्रजी प्रतीत या शब्दांचे काय करायचे यावर आणखी एक दिवस गेला.

अर्ज कोठे करायचा हे शोधताना जे कळले ते येथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आमच्या विद्यार्थ्यांना, आणि खरे तर आम्हालाही, ते ठाऊक नव्हते. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने एक चौकट घालून दिली. दहावी न झालेल्या माणसाच्या पारपत्रावर 'ईसीआर' असा शेरा असतो. म्हणजे ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचे तर त्याला उत्प्रवास संरक्षकाची परवानगी लागते. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईत आहे. घरकामाला जाणाऱ्या अशा बाईचे वय किमान तीस असावे असा नियम आहे, आणि २०१६ पासून तिची भरती खासगी दलालामार्फत न होता नेमून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असे ठरले. केरळात नॉर्का रूट्स, तेलंगणात टॉमकॉम, या त्यांतल्या काही. नियमांमागचा हेतू बाईला वाचवण्याचा आहे. परिणाम मात्र दुहेरी झाला. पुढचे दार अरुंद झाले आणि गरज तेवढीच राहिली, तेव्हा मागच्या दाराने जाणे वाढले. पर्यटक व्हिसावर गेलेल्या बाईला कोणाची परवानगी लागत नाही, तिचा करार कोठे नोंदला जात नाही, तिच्या नावाचा विमा उतरत नाही. सरकारदरबारी ती सहलीला गेलेली असते.

तिकडे पोहोचल्यावर 'कफाला' नावाची पद्धत सुरू होते. ज्याच्या नावे राहण्याचा परवाना, तो 'कफील', म्हणजे जामीनदार. त्याच्या संमतीशिवाय काम सोडणारी बाई कायद्याच्या नजरेत फरारी ठरते आणि तक्रार तिच्याच विरुद्ध नोंदली जाऊ शकते. अलीकडच्या दहा वर्षांत काही देशांनी यात बदल केले. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, संयुक्त अरब अमिराती आणि कतार यांनी २०१७ मध्ये केले. आठवड्याची सुट्टी, कामाच्या तासांची मर्यादा या गोष्टी कागदावर आल्या. पण जी बाई त्या देशात नोकर म्हणून नोंदलेलीच नाही, तिला हा कायदा सांगता येत नाही. तिने पोलिसात जावे तर आधी तिच्याच व्हिसाची मुदत तपासली जाणार. सैरंध्रीचा पेच तो हाच. ओळख दिल्याशिवाय दाद नाही, आणि ओळख देणे हाच गुन्हा.

पारपत्राचीही एक गंमत आहे. मालकाने ते काढून घेणे ही सर्रास चालणारी गोष्ट. आमच्या अर्जातील बाईचेही "पासपोट त्याइच्यापाशी हाये" असे होते. भारतीय पारपत्र कायदा, १९६७ प्रमाणे पारपत्र हे केंद्र सरकारच्या मालकीचे असते. म्हणजे ते दडवून ठेवणाऱ्याने त्या बाईची वस्तू तर घेतलीच, शिवाय भारत सरकारचीही घेतली. हा मुद्दा आम्ही अर्जात ठळक घातला. बाईपेक्षा सरकारच्या मालमत्तेचा उल्लेख अधिक लवकर वाचला जाईल, असा त्यामागचा हिशेब होता.

परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. त्यावर नातेवाइकाला घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. २००९ मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी वकिलातींकडे असतो. संकटात सापडलेल्या नागरिकाचे तात्पुरते राहणे-जेवणे, कायदेशीर मदत आणि परतीचे तिकीट यांसाठी त्यातून खर्च करता येतो. या गोष्टी आहेत, त्यांतून माणसे घरी आलीही आहेत. अडते ते पहिल्या पायरीवर. घराचे कुलूप बाहेरून लावलेले असेल, फोन मालकिणीपाशी असेल, घराचा पत्ता ठाऊक नसेल, तर वकिलातीने तरी कोठे शोधायचे? अर्ज करणारी एकीकडे, अर्जातली बाई दुसरीकडे, आणि मधे समुद्र.

परक्या देशात टाकून दिलेल्या मोलकरणीला आसरा कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. इंग्रजी अमदानीत साहेबांची कुटुंबे मायदेशी जाताना मुले सांभाळायला हिंदी आयांना बोटीवर घेऊन जात. मुंबई आणि कलकत्ता ही त्यांची बंदरे. लंडनला पोहोचल्यावर काम संपले की काहींना तेथेच सोडून दिले जाई. अशा आयांसाठी लंडनमध्ये एक गृह होते. १९०० मध्ये लंडन सिटी मिशन या संस्थेने ते हॅकनी भागात किंग एडवर्ड रोडवर चालवायला घेतले. हिंदुस्थानात परत निघालेल्या एखाद्या कुटुंबाला वाटेत आया हवी असली की तिची जोडणी येथे होत असे. म्हणजे घरी परतण्यासाठीही तिला कोणाची तरी मोलकरीण व्हावेच लागे. रोझिना विस्राम यांनी १९८६ मध्ये 'आयाज, लास्कर्स अँड प्रिन्सेस' या ग्रंथात हा इतिहास प्रथम नीट मांडला, आणि २०२२ च्या जूनमध्ये त्या घरावर निळी स्मृतिपट्टिका लागली. आम्ही येथे पोळ्याच्या तारखा जुळवत होतो त्याच्या काही आठवडे आधीची ही गोष्ट. सव्वाशे वर्षांत वास्तूला मान मिळाला. आयांची स्वतःच्या शब्दांतली कैफियत मात्र फारशी उरलेली नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते बहुतांशी मेमसाहेबांची पत्रे, बोटींच्या याद्या आणि मिशनचे अहवाल यांतून.

आता आपल्या अगदी जवळचे, आणि म्हणूनच अवघड असे एक प्रकरण. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. आपल्या घरकामाच्या बाईच्या व्हिसासाठी खोटी माहिती दिली, असा त्यांच्यावर आरोप होता. व्हिसाच्या कागदांत तासाला ९.७५ डॉलर मजुरी दाखवली आणि वेगळ्या करारात महिना ३०,००० रुपये ठरवले, जे तासाला सुमारे ३.३१ डॉलर पडतात, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. जानेवारी २०१४ मध्ये त्या भारतात परतल्या. मार्चमध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला रद्द झाला आणि दोनच दिवसांत नव्याने आरोप ठेवले गेले. आरोपांची सत्यासत्यता न्यायालयात साक्षीपुराव्याने कधी तपासली गेली नाही, तेव्हा त्यावर निवाडा देणे आमचे काम नव्हे.

आमचे लक्ष वेधले ते त्या दिवसांतील मराठी बोलण्याने. अटकेनंतर त्यांची अंगझडती ज्या पद्धतीने घेतली गेली ती संतापजनकच होती, आणि देशभर संताप उसळलाही. दिल्लीत अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवले गेले. वर्तमानपत्रांत, कट्ट्यांवर, आमच्या स्टाफरूममध्येही मराठी मुलीचा आणि देशाचा अपमान हाच विषय होता. या सगळ्यात जून २०१३ मध्ये ते घर सोडून बाहेर पडलेली आणि तेथील एका स्वयंसेवी संस्थेकडे मदत मागायला गेलेली ती दुसरी भारतीय बाई कोठे होती? तिचा उल्लेख आला तो बहुधा कटातील प्यादे म्हणून, किंवा अमेरिकेत राहण्यासाठी बनाव रचणारी म्हणून. तिचे म्हणणे खरे असेल, खोटे असेल. पण ते ऐकून मग खोटे ठरवावे एवढीही उसंत कोणाला नव्हती. 'कीचकवधा'त दासी राष्ट्राचे रूपक झाली होती. येथे मालकीण झाली. दोन्ही वेळा तासाची मजुरी किती, हा रुक्ष प्रश्न बाजूला पडला.

तो बाजूला पडतो याचे एक कारण आपल्या सर्वांच्या घरात आहे. 'मोलकरीण' हा शब्द मोलाने काम करणारी असा अर्थ सांगतो, म्हणजे त्यात मजुरी आधी येते. तरीही तो उच्चारताना आपल्याला मोल आठवत नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे काम बंद केले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, तेव्हा मध्यमवर्गाला प्रथम कळले की ही बाई 'घरचीच' नाही, कामगार आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मात्र पुढे त्याला मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. आपल्या देशातल्या स्वयंपाकघराला आपण कामाची जागा मानायला तयार नसू, तर दुसऱ्या देशाने त्याच्या स्वयंपाकघराला तसे मानावे हे कोणत्या तोंडाने म्हणायचे, हा प्रश्न उरतोच.

साहित्याकडे पाहिले तर वेगळे काय दिसते? केरळात आखाताचे स्थलांतर घरोघरी पोहोचले, तसे ते साहित्यातही आले. बेन्यामिन यांची 'आडुजीवितम्' ही कादंबरी २००८ ची. सौदीतल्या घरकामाच्या बाईवरचा 'गद्दामा' हा मल्याळी चित्रपट २०११ चा. गुडगावात घरकाम करणाऱ्या बेबी हालदार यांचे 'आलो आँधारि' हे आत्मकथन वाचकांपर्यंत आले, कारण त्या ज्यांच्याकडे काम करत ते प्रबोध कुमार, प्रेमचंदांचे नातू, यांनी त्यांच्या हाती वही-पेन दिले. मराठीत दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी कष्टाची भाषा साहित्यात आणली. 'जिणं आमचं' आणि 'आयदान' यांच्याशिवाय आमचा अभ्यासक्रम आज पुरा होत नाही. पण समुद्रापलीकडच्या स्वयंपाकघरातून बोललेले मराठी आमच्या वाचनात आलेले नाही. ते बोलले जात नाही असे नव्हे. आम्ही ते तासाभराहून अधिक ऐकले आहे. ते मोबाइलमध्ये आहे, शेळीच्या आणि खोकल्याच्या चौकशीत मिसळलेले, आणि मोबाइल बिघडला की पुसले जाणारे.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने मोठा वाद झाला आणि अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातील राजूरच्या शेतकरी विधवेने. त्या दिवशी मंडपात टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. व्यवस्थेने एकटी पाडलेली बाई साहित्याच्या व्यासपीठावर बोलते, हे निःसंशय मोलाचे होते. तरी मनात येते की, व्यासपीठावर आलेल्या बाईला आपण ऐकतो, कारण व्यासपीठ आपले असते. जी येऊ शकत नाही तिला ऐकायचे तर आपल्याला उठून कोठे तरी जावे लागते. निदान कान देऊन पुसट आवाजातले शब्द उतरवून घ्यावे लागतात. या कामाला वाङ्मयीन प्रतिष्ठा नाही. आम्हाला मात्र ते भाषाशिक्षकाचेच काम वाटू लागले आहे. त्या वर्षापासून आम्ही व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवताना 'शुल्कमाफी मिळणेबाबत' हा नमुना मागे टाकला. आता ऐकलेले बोलणे उतरवणे, त्यातील वेळ आणि ठिकाण शोधणे, बोलणाऱ्याने न सांगितलेले त्यात न घालणे, आणि तरीही टेबलापलीकडच्या माणसाला ते वाचावेसे वाटेल असे करणे, असा चार तासांचा भाग घेतो. मुलांना तो अवघड जातो. अलंकार त्यापेक्षा सोपे.

आमच्या अर्जाचे काय झाले, हे वाचक विचारतील. तो कोठे किती दिवस पडून राहिला, कोणी कोणाकडे पाठवला, याचा तपशील देण्यात अर्थ नाही; ज्याने सरकारी अर्ज केला आहे त्याला तो ठाऊक आहे. एवढेच सांगतो की, मधल्या काळात एक उत्तर आले, त्यात सदर महिला नोकरीसाठी गेल्याची नोंद आढळत नाही असे म्हटले होते. नोंदीप्रमाणे ते खरे होते. शेवटी त्याच देशात काम करणाऱ्या, नदीपलीकडच्या दोन-तीन माणसांनी घराचा ठावठिकाणा लावला. पत्ता मिळाल्यावर चक्रे हलली. सात महिन्यांनी ती घरी आली.

आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात कापूस निवडत बसली होती. लेकरे जवळच होती. आम्ही काही विचारले नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "तो अर्ज तुमीच लिवला होता न सर?" आम्ही हो म्हटले. "त्यात पगाराचं लिवलं होतं का?" आम्ही सांगितले की, पगार वेळेवर मिळत नाही असे एक वाक्य आहे. तिने मान हलवली. घरातून एक वही आणली. मुलाची गणिताची जुनी वही, मागच्या पानांवर तिने महिन्यांची नावे ओळीने लिहिली होती. प्रत्येकासमोर ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, राहिलेली रक्कम. तिकडे कागद नव्हता, पेन नव्हते. रोज रात्री मनात मोजून तिने तो हिशेब पाठ केला होता आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी उतरवून काढला होता. पाच महिन्यांची मजुरी बाकी होती.

"मले काय झालं ते रायू द्या," ती म्हणाली. "याचा अर्ज करा."

विषय, संदर्भ, तारीख, रक्कम, सारे त्या वहीत होते. आम्हाला त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही. तो अर्ज आम्ही केला आहे. त्याला अजून उत्तर नाही, आणि दर तीन महिन्यांनी आम्ही स्मरणपत्र पाठवतो.